वाघरीचं माप

शेळवडीच्या शाळेत भूमितीचा तास सुरू झाला, की बाहेर लिंबाखाली पडलेली कुत्रीसुद्धा उठून लांब जात. दत्तोपंत गुरुजी छडी वापरत नसत. छडी मोडते, मग नवी आणावी लागते, हा त्यांचा अनुभव. त्यांच्या हातात असायची सागवानी पट्टी, हातभर लांब, कडेला पितळेची. सरळ रेषा काढायलाही तीच आणि पोरांची पाठ सोलायलाही तीच. गुरुजी स्वतः निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेले. त्रिकोणाला तेव्हा मुसल्लस म्हणत, आणि तो नीट आला नाही म्हणून त्यांनीही उस्तादाचा मार खाल्ला होता. संस्थान गेलं, पुस्तकं मराठीत आली, मुसल्लसाचा त्रिकोण झाला. मार तेवढा जसाच्या तसा राहिला, त्याचं भाषांतर करावं लागलं नाही.

बिराप्पा या शाळेचा चपराशी. घंटा वाजवायची, आडाचं पाणी भरायचं आणि भूमितीच्या तासाला कपाटातली पट्टी काढून गुरुजींच्या हातात द्यायची. पट्टी देऊन तो दारात उकिडवा बसायचा. आत रेघोट्या, कोन, बाजू चाललेल्या असायच्या आणि त्याच्या कानावर पडत राहायच्या. कानावर पडलेलं सगळंच माणसाच्या आत जातं असं नाही. बिराप्पाच्या तर आत जायला जागाच नव्हती, तिथं आठ वर्षांपासून दुसरंच एक बिऱ्हाड ठाण मांडून बसलं होतं.

ते असं. बिराप्पाचा बाप धनगर. जन्मभर मेंढरांमागं हिंडून म्हाताऱ्याचे पाय गेले, तेव्हा त्यानं कळप विकला आणि शेळवडीच्या शिवारात जमिनीचे दोन तुकडे घेतले. एक गावाच्या अंगाला, जवळजवळ चौकोनी. दुसरा ओढ्याच्या काठानं गेलेला, चिंचोळा, लांबच लांब. म्हातारा गेला आणि गुंडाप्पा थोरला, बिराप्पा धाकटा, असे दोन भाऊ वाटणीला बसले. तालुक्याचा मोजणीदार कधी येईल याचा नेम नव्हता, आणि धनगराच्या घरात माप ठाऊक होतं एकच, वाघर. मेंढरं रात्री कोंडायला जी दोरांची जाळी सभोवार लावतात ती वाघर. कळप विकला तरी जाळ्या माळ्यावर पडून होत्या. गुंडाप्पानं त्या काढल्या, आधी एका तुकड्याच्या चारी बाजूंनी लावत फिरला, मग दुसऱ्याच्या. दोन्हीकडं सारख्याच लागल्या. चार माणसांनी माना डोलावल्या. वाटे झाले.

मग रीत अशी, की थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा, म्हणजे थोरल्याला लबाडी करायला जागा राहत नाही. बिराप्पानं ओढ्याकाठची पट्टी उचलली. गुंडाप्पा त्याच्या तोंडाकडं बघत म्हणाला होता, "नीट बघून घे बिरू, मागनं तक्रार नको." बिराप्पा म्हणाला होता, "बघितलं आण्णा."

आणि तेव्हापासून दर सुगीला तेच. थोरल्याच्या खळ्यावर जोंधळ्याची रास माणसाच्या छातीला लागायची आणि धाकट्याची गुडघ्यावर यायची नाही. खत तेच, बी तेच, पाऊस तोच. पोट भरेना म्हणून बिराप्पा चपराशी झाला. बायको धुरपताबाई थोरल्या जावेच्या रानात रोजानं काढणीला जाऊ लागली. ती एकदा म्हणाली, वाटणीत दगा झालाय. बिराप्पानं तिला चुलीतल्या लाकडानं मारलं. देवमाणसासारख्या भावाचं नाव घेते म्हणून मारलं. वर्षभरानं ती पुन्हा म्हणाली, तेव्हा पुन्हा मारलं. पण दुसऱ्या वेळेला मारताना हात पहिल्यासारखा चालला नाही, कारण तोवर तीच शंका त्याच्याही पोटात शिरली होती. माणूस आपल्याच शंकेला घाबरला, की बायकोला मारतो.

त्या दिवशी सातवीच्या वर्गात गुरुजींनी फळ्यावर दोन आकृत्या काढल्या. एक चौरस, चारी बाजू चार-चार हात. दुसरा आयत, सात हात लांब आणि एक हात रुंद.

"चौरसाची परिमिती किती?"

"सोळा," वर्ग म्हणाला.

"आयताची?"

सात आणि एक आठ, आठ दुणे सोळा. वर्ग पुन्हा सोळा म्हणाला.

"मग आतली जागा कुणाची जास्ती?" असं म्हणत गुरुजींनी पट्टी फिरवली आणि ती रेवणसिद्धाच्या नाकासमोर थांबली. रेवणसिद्ध म्हणजे गुंडाप्पाचा पोरगा, बिराप्पाचा पुतण्या.

"सारखीच, गुरुजी."

पट्टी बोटांच्या पेरांवर बसली, पितळेच्या कडेनं.

"विचार करून सांग."

"सारखीच. सभोवारचं माप सारखं म्हंजे जागा सारखीच."

या वेळी पट्टी पाठीत बसली. पोरगं वाकलं, पण शब्दाला चिकटून राहिलं. धनगराची जात, चुकलं तरी वाट सोडणार नाही. म्हणालं, "आमच्या घरात रान असंच वाटलंय, गुरुजी. बाबा म्हणतेत, दोन्हीकडं वाघरी सारख्या लागल्या, मग रान सारखं."

गुरुजींनी त्याला आणखी चार ठेवून दिल्या. पाचवी कानाखाली लागली आणि पोराच्या कानाच्या पाळीतून रक्त आलं. दारात बिराप्पा उठून उभा राहिला होता. आपल्या रक्ताच्या पोराला आपण दिलेल्या पट्टीनं मारताना बघून त्याचे हात शिवशिवत होते. आणखी एक फटका पडला असता, तर त्यानं नोकरीची पर्वा न करता गुरुजींचं धोतर फेडलं असतं. पण गुरुजी थांबले आणि दाराकडं वळून हसले.

"बिराप्पा, ओढ्याकाठची पट्टी तुझ्या वाट्याला आली ना रे?"

"व्हय गुरुजी."

"आणि चौकोनी तुकडा भावाला. मग गणित सरळ आहे. हा चौरस बघ, चार चोक सोळा. हा आयत, सात एके सात. सभोवार दोन्हीकडं सोळाच, पण आत सोळा कुठं आणि सात कुठं. तुला निम्म्याहूनही कमी रान मिळालं बाबा. भाऊ तुझा शाळेत न जाता सातवी पास झालेला दिसतो."

वर्ग खो-खो हसला. कान धरून बसलेला रेवणसिद्ध तेवढा हसला नाही. गुरुजींनी गंमत केली होती, त्यांच्या मनात काही नव्हतं. फळा पुसून ते पुढच्या गणिताला लागलेही. दगड भिरकावणाऱ्याला तो कुठं पडला हे बघायची सवय नसते.

दुपारच्या सुटीत पोरं घरी पांगली तेव्हा बिराप्पा आडाचं चऱ्हाट घेऊन सातवीच्या वर्गात शिरला. त्या एकाच वर्गाला खाली शहाबादी फरशी होती, सगळ्या फरश्या एका मापाच्या, चौकोनी. त्यानं चार फरश्या इकडं आणि चार तिकडं धरून सभोवार चऱ्हाट ओढलं आणि गाठ मारली. आतल्या फरश्या बोटानं मोजल्या. सोळा. मग गाठ न सोडता तेच चऱ्हाट लांब ओढलं, एका फरशीच्या रुंदीवर आणलं. ते सातव्या फरशीच्या कडेला जाऊन बरोबर ताणलं. बोटभरही उरलं नाही, बोटभरही कमी पडलं नाही. आत सात फरश्या.

त्यानं पुन्हा चौकोन केला, पुन्हा पट्टी केली. दोर तोच, गाठ तीच. नऊ फरश्या कुठं गेल्या ते त्याला दिसत होतं आणि तरी दिसत नव्हतं. त्या कुणी उचलून नेल्या नव्हत्या, त्या आत आल्याच नव्हत्या. आठ वर्षं ज्याला तो नशीब म्हणत होता, माती म्हणत होता, पाऊस म्हणत होता, ते इथं फरशीवर चऱ्हाटात बांधलेलं पडलं होतं. त्याला आधी मोकळं वाटलं. खरंच मोकळं वाटलं, आपल्या हातात खोट नव्हती म्हणून. मग त्या मोकळ्या झालेल्या जागेत राग शिरला, आणि त्या रागाला एकच गोष्ट हवी होती. थोरल्याला हे ठाऊक होतं की नव्हतं?

ठाऊक नसेल, तर दोघंही फसले. मग गेलं ते गेलं, भाऊ भावाच्या जागी राहिला. ठाऊक असेल, तर नीट बघून घे म्हणणारं ते तोंड आठ वर्षं हसत होतं. बिराप्पानं पट्टी कपाटात ठेवली नाही, दुपारची घंटा वाजवली नाही, तो तडक घरी आला आणि आढ्याला खोचलेली कुऱ्हाड काढली. लांब दांड्याची, धनगरी कुऱ्हाड.

धुरपताबाई जात्यावर बसली होती. ती हातातला खुंटा सोडून उठली.

"अवं, कुठं चाललाव कुऱ्हाड घिऊन?"

"आण्णाच्या खळ्यावर."

"कशाला?"

"तू म्हणलीस तेच खरं निघालं. निम्मंबी रान दिलं न्हाय आपल्याला. गुरुजीनं फळ्यावर दावलं."

आपलं खरं निघालं म्हणून बाईला आनंद व्हायला हवा होता. पण ती त्या कुऱ्हाडीकडं बघत दारात आडवी झाली. "म्या बोलले ते बोलले. जिभेला काय हाड असतंय व्हय? भावाचं नाव घेतलं म्हून तुमीच मला दोनदा हाणलं की. आता तुमी कुठं निघालाव? पाया पडते, बसा खाली."

त्यानं तिला एका हातानं बाजूला लोटलं. ती जात्यावर पडली, कपाळ दगडी पाळूवर आपटलं आणि भुवईवर चिरलं. पिठात रक्त सांडलं. बिराप्पानं ते बघितलं. दुसऱ्या कुठल्या दिवशी त्यानं हळद आणली असती. आज तो उंबरा ओलांडून गेला.

गावापासून थोरल्याचं रान जवळ. पण रागाला तेवढी वाटही पुरते. चालता चालता त्याला मेंढरं आठवली. दिवस मावळताना वाघर लावायची वेळ आठवली. वाघर गोल लावली की सगळा कळप आरामात बसायचा. लांबट झाली की मेंढरं एकमेकांच्या अंगावर चढायची, कोकरं चेंगरायची, आणि म्हातारा काठी घेऊन धावायचा. लांबट लावलीस तर मावतील का रे, म्हणून ओरडायचा. काठीचा तो आवाजसुद्धा त्याला स्पष्ट आठवला. म्हणजे धनगराला हे ठाऊक असतंच. गुरुजींना फळ्यावर कळतं ते धनगराला रोज संध्याकाळी हातानं कळतं. म्हणजे आण्णाला ठाऊक होतं. राग माणसाला आठवणी काढून देतो, पण पुऱ्या कधी देत नाही, आपल्या कामाची तेवढी फांदी तोडून हातात ठेवतो.

खळ्यावर मळणी चालली होती. मधल्या खांबाभोवती चार बैल गोल फिरत होते, कणसं तुडवत होते. गुंडाप्पा त्यांच्यामागं. त्याची बायको हरणाबाई कडेला सूप घेऊन उभी. कमरेवर हात ठेवून बघत राहावी अशी रास पडली होती. बिराप्पाला रास दिसली आणि उरलंसुरलं डोकंही फिरलं.

"आज शाळा न्हाय व्हय?" गुंडाप्पानं विचारलं. मग त्याला कुऱ्हाड दिसली. "लाकडं तोडाया निघालास?"

"तू मला फसवलंस."

जन्मात पहिल्यांदा त्यानं थोरल्याला तू म्हटलं होतं. हरणाबाईच्या हातातलं सूप खाली आलं. गुंडाप्पानं बैल थांबवले.

"काय म्हणलास?"

"सभोवार वाघरी सारख्या लावल्यास आन् मला पट्टी दिलीस. चौकोनात सोळा मावतेत, पट्टीत सात. तुला ठावं हुतं."

"कसले सोळा, कसले सात? वाटे म्या पाडले, उचलला तू. चार माणसं साक्षीला हायती."

"म्हून तर तसे पाडलेस. धाकटा लांबी बघून भुलंल, ठावं हुतं तुला."

"बिऱ्या, दारू प्यालास काय?"

"वाघर लांबट लावली तर मेंढरं मावतेत का? सांग. धनगराच्या पोटचा हाईस, सांग की."

गुंडाप्पा गोंधळला. तो मुळात सावकाश माणूस, एक विचार पुरा झाल्याशिवाय दुसऱ्याला हात घालायचा नाही. "न्हाय मावत," तो म्हणाला. "पर ते मेंढरांचं. ह्ये रान हाय. रानाचा आन् मेंढराचा काय संबंध?"

"म्हंजे ठावं हुतं."

"आरं, काय ठावं हुतं?"

"न्हाय मावत म्हणलास. आता तुझ्याच तोंडानं म्हणलास."

आणि तो गुंडाप्पाच्या अंगावर गेला. गुंडाप्पानं त्याला थोरल्या भावाच्या हक्कानं एक मुस्काटात दिली, लहानपणी देई तशीच, समजूत घालायला. तीच चुकली. बिराप्पा मागं कोलमडला, मधल्या खांबावर आदळला, बैल बिचकले. एका बैलाचं शिंग त्याच्या दंडात घुसून निघालं. त्याला ते कळलंही नाही. त्यानं कुऱ्हाड उलटी धरून पात्यामागच्या तुंब्यानं भावाच्या छातीवर मारलं. गुंडाप्पाचा श्वास अडकला. तरी त्यानं दांडा धरला. दोघं कणसांवर पडले, लोळले, दातांनी चावले, एकमेकांचे केस उपटले. एका आईचं दूध प्यालेली दोन माणसं जशी भांडतात तशी परकी माणसं कधीच भांडत नाहीत, परक्याला कुठं लागतं हे परक्याला ठाऊक नसतं. बिराप्पाला ठाऊक होतं, थोरल्याचा उजवा गुडघा लहानपणापासून कच्चा. त्यानं तिथं लाथ घातली. गुंडाप्पा कळवळून बसला, हातातला दांडा सुटला. बिराप्पा उभा राहिला, आणि या वेळी पातं खाली धरून त्यानं घाव घातला.

घाव मांडीत बसला, आतल्या बाजूनं. रक्त उसळून आलं आणि खुडलेल्या पांढऱ्या जोंधळ्यावर पसरलं. गुंडाप्पा आपल्या मांडीकडं असा बघत राहिला, जणू ती दुसऱ्याच कुणाची होती.

हरणाबाईनं सूप टाकलं, नवऱ्याजवळ धाव घेतली, पदर फाडला आणि मांडीला आवळला. कापड क्षणात लाल झालं. तिनं दुसरा पट्टा फाडला. ती रडत नव्हती. हात चालू ठेवून तिनं दिराकडं मान वर केली.

"भाऊजी, तुमी ह्यांला काय इचारलं? वाघर लांबट लावली तर मेंढरं मावतेत का, आसंच ना?"

कुऱ्हाड बिराप्पाच्या हातातून गळून पडली होती.

"ह्ये कवा वाघर लावायचे? ह्ये दिसभर मेंढरांमागं असायचे, दिस बुडल्यावर यायचे. वाघर तुमी लावत हुता. म्या लगीन हून आले, त्याच्या दुसऱ्या दिशी बघितलं. मामंजीनं तुमच्या पाठीत काठी घातली, लांबट लावली म्हून. म्या नवी नवरी, भ्याले. म्हणलं, कसलं घर हाय ह्ये." तिनं गाठ आवळली. "रोज हातानं लावून तुमाला कळलं न्हाय, तर त्येंला कशावरनं कळंल?"

बिराप्पाच्या पाठीत, दोन खांद्यांच्या मधोमध, ती काठी आता बसली. आवाज आठवला होता. पाठ कुणाची होती ते तेवढं आठवलं नव्हतं. आपल्याच हातांनी आपण वाघर गोल लावली होती, वर्षानुवर्षं, कोकरू एक चेंगरू दिलं नव्हतं. आणि त्याच हातांनी आठ वर्षांपूर्वी ओढ्याकाठची लांब पट्टी उचलली होती, मोठी दिसते म्हणून. जे त्याला ठाऊक असून ठाऊक नव्हतं, ते भावाला ठाऊक असलंच पाहिजे असं धरून तो चालत आला होता.

त्यानं बैल सोडवले, दोन बैल गाडीला जुंपले आणि भावाला उचलून गाडीत घातलं. कुणी त्याला सांगितलं नाही आणि कुणी त्याला अडवलंही नाही. हरणाबाई मांडी दाबून आत बसली. दवाखाना नळदुर्गला. बिराप्पानं बैलांना आयुष्यात कधी मारलं नव्हतं असं मारलं. आसूडानं त्यांच्या पाठी फोडल्या. गाडी दगडांवरून उडत होती आणि प्रत्येक धक्क्याला मागून कण्हण्याचा आवाज येत होता. तो आवाज यावा म्हणून बिराप्पा देवाला विनवत होता, कारण येत होता तोवर भाऊ होता.

अणदूर मागं पडल्यावर गुंडाप्पा बोलू लागला. आवाज पाण्याखालून आल्यासारखा.

"बिरू."

"जी आण्णा."

"पट्टी का उचललीस तू?"

"लांब दिसली. मोठी वाटली."

"मलाबी. वाघरी सारख्या लागल्या तरी." गुंडाप्पानं बराच वेळ श्वास घेतला. "तूच ती घिणार, वाटलंच हुतं. ह्या टोकावरनं त्या टोकाला जायाचं तर चिलीम सरायची. तू बोट दावलंस, आन् माझ्या काळजात चर्र झालं. म्हणलं, धाकट्यानं मोठा वाटा मारला. हिला इचार. त्या दिशी जेवलो न्हाय म्या."

हरणाबाईनं मान हलवली. "न्हाय जेवले. म्हणले, लहान हाय, खाऊ दे."

"मग सुगी आली," गुंडाप्पा म्हणाला. "माझी रास मोठी झाली. म्हणलं, खंडोबाला दया आली. बारका वाटा घेतला म्हून देवानं भरून दिलं."

बिराप्पाला बैल दिसेनात. तो रडत होता आणि मारत होता. "आण्णा, बोलू नगा. दवाखाना आलाच."

"सोळा आन् सात म्हणत हुतास, ते काय हाय? सांग की."

"मागनं सांगतो. पयलं बरं व्हा, दोर लावून दावतो. पोरगंबी तेच बोललं आज, तुमचंच. सारखंच म्हणलं. मार खाल्ला त्यानं."

"माझं पोर खोटं न्हाय बोलायचं," गुंडाप्पा म्हणाला. त्यानंतर तो काही बोलला नाही. बऱ्याच वेळानं कण्हणंही थांबलं. बिराप्पानं मागं वळून पाहिलं नाही, तो बैलांना मारत राहिला. शेवटी हरणाबाईनं त्याच्या खांद्यावर रक्तानं भिजलेला हात ठेवला आणि म्हणाली, "जनावरांला मारू नगा आता."

नळदुर्गाची तटबंदी समोर दिसत होती. उन्हं कलली होती. बिराप्पानं गाडी दवाखान्याकडं नेली नाही, चौकीपुढं उभी केली, खाली उतरला आणि फौजदारापुढं हात जोडून उभा राहिला. त्याच्या दंडातलं रक्त वाळून सदऱ्याला चिकटलं होतं. शाळेचा पितळी बिल्ला अजून छातीवर होता.

फौजदार गाडीत डोकावून परत आला. "कुणी मारलं?"

"म्या."

"कोण तुझा?"

"थोरला भाऊ."

"बांधावरून झालं काय?"

"न्हाय."

"मग कशावरून? बाईमाणसावरून?"

"न्हाय साहेब." गाडीत हरणाबाईनं आता कुठं टाहो फोडला होता. बिराप्पा तो ऐकत होता. "त्याला ठावं हाय आसं मला वाटलं."

"काय ठाऊक आहे?"

बिराप्पा गाडीकडं वळला. "न्हवतं साहेब," तो म्हणाला. "आमा दोघांत कुणालाच ठावं न्हवतं."